आयोवांतील वृद्ध शेतकरी जोडपें आणि वांटणीचा प्रश्न

अमेरिकेंतील शेतकरी म्हटला म्हणजे आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढें मोठमोठीं यंत्रें आणि अफाट जमीन येते. म्हातारपणीं तो कोठें राहतो, जमीन मुलांच्या हातीं केव्हां देतो, याची चौकशी फारसा कोणी करीत नाहीं. मध्यपश्चिमेकडील आयोवा संस्थानांत आज शेतकऱ्यांच्या घरोघरीं हीच चौकशी चालू आहे, किंवा खरें सांगावयाचें तर ती चालू व्हावयास पाहिजे आणि होत नाहीं.

उदाहरणादाखल एक कल्पित जोडपें घेऊं. नवऱ्याचें वय ७८, बायकोचें ७५. जमीन ३२० एकर, मका व सोयाबीन पिकविणारी, तीवर कर्ज एक पैचेंही नाहीं. थोरली मुलगी मिनिआपोलिसास व मधली शिकागोस नोकरीस आहे. धाकटा मुलगा पंचवीस वर्षें बापाबरोबर पेरणी-कापणी करीत आला असून आतां स्वतःच पन्नाशीस टेकला आहे. म्हातारा-म्हातारी जवळच्या गांवांत लहानशा घरीं राहावयास गेलीं आहेत. कडक थंडीचे दिवस तीं टेक्सासच्या दक्षिण भागांत काढतात. एरव्हीं रविवारीं चर्चला जातात, नातवंडांचे सामने पाहतात. पेरणी सुरू झाली मात्र कीं म्हातारा सकाळींच मोटार घेऊन शेताच्या कडेला हजर! अंगमेहनतींतून तो निवृत्त झाला, मालकींतून नाहीं.

हा अपवाद समजूं नये. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या २०२२ च्या पाहणींत तेथील शेंकडा ६६ शेतजमीन पासष्ट वर्षांच्या व त्यांहून वडील माणसांच्या नांवें आढळली. शेंकडा ८४ जमीन कर्जमुक्त होती व शेंकडा ५८ खंडानें लावलेली होती. जमिनीच्या मालकींत स्त्रियांचा वांटा जवळजवळ निम्मा आहे. शेवटचा निर्णय पुष्कळदां विधवा आईलाच करावा लागतो.

जमीन सोडवत नाहीं याबद्दल या म्हाताऱ्यांस लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. १९८१ सालीं आयोवांत एकरास सरासरी २,१४७ डॉलर भाव होता. १९८६ सालीं तो ७८७ वर उतरला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जमिनी लिलावांत गेलेल्या ज्यांनीं ऐन उमेदींत पाहिल्या, त्यांस कर्जमुक्त जमिनीवांचून दुसरा भरंवसा वाटूं नये, यांत नवल तें कोणतें? पुढें शुश्रूषागृहांत राहण्याची पाळी आली तर महिन्यास हजारों डॉलर लागतात. मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी योजना तो दीर्घकाळचा खर्च देत नाहीं. गरिबांसाठीं असलेली मेडिकेड योजना देते, परंतु अर्जापूर्वींच्या पांच वर्षांत जमीन मुलांस बक्षीस दिलेली असली तर तीही अडून बसते. कराचा कायदा तसाच. हयातींत जमीन विकल्यास वाढलेल्या किंमतीवर कर पडतो. मालक वारल्यावर मात्र वारसांस ती त्या वेळच्या भावानें मिळाली असें धरतात आणि मागली सारी वाढ करांतून सुटते. मरेपर्यंत सोडूं नको, असें कायदाच म्हाताऱ्याच्या कानांत सांगत आहे!

आतां मुलाची बाजू पाहूं. विद्यापीठाच्याच पाहणीप्रमाणें २०२३ सालीं जमिनीचा सरासरी भाव एकरीं ११,८३५ डॉलर व सरासरी रोख खंड २७९ डॉलर होता. त्या भावानें ३२० एकरांची किंमत सुमारें ३८ लक्ष डॉलर. तिघांस सारखी वांटणी झाली आणि बहिणींचे दोन भाग मुलानें विकत घ्यावयाचे ठरविलें, तर त्यास २५ लक्ष डॉलर उभे करावे लागतील. दरसाल दरशेंकडा ५ प्रमाणें नुसतें व्याजच सव्वा लक्ष होतें. त्या २१३ एकरांचा खंड साठ हजारांच्याही आंत. खंडाच्या उत्पन्नांतून निम्में व्याजसुद्धां फिटावयाचें नाहीं, मग मुद्दलाची गोष्ट कशाला! बहिणी कितीही मायाळू असल्या तरी जमीन शेवटीं मोठ्या शेजाऱ्याकडे जाणार.

आमचें मत असें कीं, आईबाप दोघेंही हयात आहेत तोंच तिन्ही मुलांस, आणि सुनेसही, एकत्र बसवून बोलावें. जमीन आज बक्षीस द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. वरील भीति खोटी नाहीं. परंतु मुलास लेखी व लांब मुदतीचा खंडपट्टा द्यावा, आणि पुढें ठरीव किंमतीनें विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा राहील असें लिहून ठेवावें. आयोवाच्या घटनेप्रमाणें असा पट्टा वीस वर्षांपेक्षां अधिक मुदतीचा होत नाहीं, पण वीस वर्षें कांहीं थोडीं नव्हेत. मुलींचा हक्क मारला जाऊं नये. लहानपणीं वासरांस दूध त्यांनींही पाजलें आहे. त्यांस खंडाचा भाग मिळावा. ठरणारी किंमत बाजारापेक्षां किती कमी, हेंही त्यांच्यासमक्षच ठरावें, म्हणजे मागाहून वकिलाच्या तोंडून ऐकण्याची वेळ येणार नाहीं.

आज त्या मुलाची स्थिति काय आहे? १ सप्टेंबरपर्यंत नोटीस आली नाहीं म्हणजे कायद्यानें पुढलें एक वर्ष खंड चालू राहतो, एवढाच त्याचा आधार. उत्तरेकडल्या पाणथळ तुकड्यांत जमिनीखालून पाणी काढून देणाऱ्या नळ्या घालावयास पाहिजेत, हें बापास ठाऊक आहे व मुलासही. तो तुकडा पुढें कोणाच्या वांट्यास जाणार हें ठाऊक नसल्यामुळें मुलगा खर्च करीत नाहीं, बाप विचारीत नाहीं, आणि दर वसंतांत तेथील मका पिंवळा पडतो.