छायाचित्रातील मूल आणि हजेरीपटावरील मूल

बालमजुरीचा इतिहास आपल्या शाळांतून शिकविला जातो तो बहुधा कायद्यांच्या सनावळीच्या रूपाने. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. ही मर्यादा १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ मध्ये चौदा वर्षांवर गेली. विद्यार्थी ही यादी पाठ करतो. परंतु सात वर्षे पूर्ण झालेले मूल मुंबईच्या गिरणीत दिवसाचे नऊ तास राबे आणि ते कायदेशीर होते, हा तिचा अर्थ त्याच्या मनात उतरत नाही. म्हणूनच हा विषय छायाचित्रांच्या साहाय्याने शिकवावा, ही सूचना स्वागतार्ह आहे. प्रश्न आहे तो छायाचित्र कसे पाहावे हा.

अमेरिकेतील लुईस हाइन हा मूळचा शिक्षक. १९०८ पासून त्याने राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, कोळशाच्या खाणी व शेतमळे येथील मुलांची हजारो छायाचित्रे घेतली. आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून तो मुलांची उंची अजमावी आणि सारे टिपून ठेवी. डिसेंबर १९०८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील व्हिटनेल येथे त्याने सूतगिरणीतील एका मुलीचे छायाचित्र घेतले. ते पाहून कोणालाही कळवळा येईल. पण हाइनची नोंद कळवळ्यापाशी थांबत नाही: उंची ५१ इंच, गिरणीत एक वर्ष, कधी रात्रीचेही काम, रोज ४८ सेंट, पन्नास कामगारांत तिच्याएवढी दहा मुले. चित्राला पुराव्याचे बळ येते ते या हिशेबामुळे. तरीही १९१६ चा संघीय कायदा १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला आणि टिकाऊ कायदा होण्यास १९३८ साल उजाडले. केवळ कळवळ्याने इतिहास बदलत नाही, हाही त्या चित्रांचा धडा आहे.

हा धडा खालापूर तालुक्यातील लोधिवलीसारख्या गावी शिकविताना अधिक जपावे लागेल. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जातात ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. कामाचा मोबदला हजार विटांमागे ठरतो आणि तो कुटुंबाला मिळतो. विटा उलथणारे किंवा धाकट्या भावंडाला सांभाळून आईचे हात मोकळे करणारे मूल कोणत्याही मस्टरवर नसते. त्याला वेगळी मजुरी नाही; पण त्याच्या हातांनी विटा वाढतात आणि आधी घेतलेली उचल लवकर फिटते. हाइनने टिपलेले ४८ सेंट येथे उचलीच्या हिशेबात विरून जातात.

कायदे आहेत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट केली, २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला, २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई केली. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा मात्र राहिली. परंतु वीटभट्टी मालकाची असते, मजुराच्या घरची नव्हे.

अशा गावातील वर्गात दूरदेशीची चित्रे दाखवून ‘त्या काळी किती हाल होते’ असे म्हणणे सोपे आहे. त्याच वर्गात दिवाळीनंतर भट्टीवर जाणारे मूल बसलेले असू शकते. त्याला उभे करून दाखला बनविणे किंवा भट्टीवर जाऊन मुलांची छायाचित्रे काढणे हा शिक्षणाचा मार्ग नाही. त्यापेक्षा शिक्षकाने प्रत्येक चित्रापुढे तीन प्रश्न ठेवावेत: या श्रमाचे पैसे कोणाला मिळाले? मुलाला येथे आणणारे कर्ज किंवा गरज कोणती? आणि हे मूल कामावर आले नसते तर कोणाचे नुकसान झाले असते? मग हजार विटांचा हिशेब गणिताच्या तासाला मांडावा. भट्टीवर राबणारे मूलही मान खाली न घालता तो सोडवू शकेल. कदाचित सर्वांत आधी तेच सोडवील.

आपल्या भट्ट्यांवरील मुलांची नोंद ठेवणारा हाइन लाभला नाही, पण शाळेचा हजेरीपट आहे. दिवाळीनंतर त्यात सलग पडणाऱ्या गैरहजेरीच्या खुणा हीच त्या मुलांची नोंद होय. वसई-भिवंडीकडे विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरविल्या, त्या अशी मुले कोठे जातात हे पाहूनच. नाव पटावरून कमी करण्यापूर्वी ते मूल कोणत्या भट्टीवर गेले, याची चौकशी शाळेने केली, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.