माशाची अंगलट आणि गुणसूत्रांचा तिसरा संच

प्रति,
मा. संचालक,
केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था,
वर्सोवा, मुंबई

विषय: द्विगुणित व त्रिगुणित कार्प माशांच्या शरीराकृतीतील फरक, त्याची मोजणी आणि त्यावर किती विसंबावे

गवत्या माशाच्या, म्हणजे ग्रास कार्पच्या, शरीरातील साध्या पेशीत 48 गुणसूत्रे असतात. निम्मी आईची, निम्मी बापाची. रोहू, कटला आणि मृगळ यांच्यात ही संख्या 50 भरते, तर सायप्रिनसमध्ये 100. असे दोन संच असलेला मासा द्विगुणित. संच तीन झाले की तोच मासा त्रिगुणित होतो: गवत्यात 72, रोहूत 75, सायप्रिनसमध्ये 150 गुणसूत्रे. हा जादा संच माशाच्या अंगलटीत उमटतो का? पुष्कळ माशांची सरासरी काढली तर काही वेळा फरक दिसतो. मात्र हातात धरलेला एकच मासा पाहून तो कोणत्या गटातला हे खात्रीने सांगता येत नाही. या दोन विधानांत विरोध नाही, पण मत्स्यबीजाच्या व्यवहारात त्यांची गल्लत झाली तर ती महागात पडते.

त्रिगुणित मासा तयार होतो तो फलनानंतरच्या काही मिनिटांत. शुक्रपेशी आत शिरते तेव्हा माशाच्या अंड्याचे अर्धसूत्री विभाजन पूर्ण झालेले नसते. त्यानंतर आईच्या गुणसूत्रांचा एक संच दुसऱ्या ध्रुवपिंडाच्या रूपाने अंड्याबाहेर टाकला जातो. नेमक्या त्या वेळी अंड्यांना उष्णतेचा, थंडीचा किंवा दाबाचा धक्का दिला, तर तो संच आतच राहतो. गवत्यासाठी अमेरिकेतील बीजकेंद्रांत दाबाची पद्धत रुळली: फलनानंतर सुमारे 4 मिनिटांनी दर चौरस इंचाला 8,000 पौंडांच्या आसपास दाब, तोही एक-दोन मिनिटेच. वेळ थोडी चुकली तरी सगळी अंडी त्रिगुणित होत नाहीत. एकाच हंडीतून दोन्ही प्रकारची पिल्ले निघतात आणि ती दिसायला सारखीच असतात.

तीन संच म्हटले की मासा दीडपट मोठा होईल असे सहज वाटते. तसे होत नाही. पेशीचे केंद्रक खरोखरच दीडपटीच्या जवळ जाते आणि त्याच्याबरोबर पेशीही मोठी होते. पण अवयव घडताना पेशींची संख्या त्या प्रमाणात कमी राहते, म्हणून अवयवाचा आणि शरीराचा आकार फारसा बदलत नाही. एच. स्वरूप यांचा स्टिकलबॅक या लहान माशाच्या त्रिगुणितांवरील अभ्यास 1959 मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा नमुना स्पष्ट दिसला: पेशी मोठ्या, संख्येने कमी, आणि शरीर जवळपास तेवढेच. स्टिकलबॅक हा कार्प नव्हे. तरीही शरीराकृतीचा विचार करताना हे तत्त्व आधी ध्यानात घ्यावे लागते. गुणसूत्रांची संख्या माशाच्या उंचीवर किंवा डोक्याच्या लांबीवर थेट चढत नाही. फरक दिसलाच, तर तो मधल्या कुठल्या तरी कारणातून आलेला असतो आणि ते कारण शोधावे लागते.

यातले सर्वांत बळकट कारण म्हणजे गाबोळी. अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात. तीन संच असले की तिसऱ्याला जोडीदार मिळत नाही आणि जननपेशींची घडण बिघडते. त्रिगुणित मादीची अंडाशये त्यामुळे दोऱ्यासारखी बारीक राहतात. द्विगुणित कार्प मादीत पक्व गाबोळी शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या सहज वर जाते. पोट खाली व बाजूंना फुगते, श्रोणिपरांपासून गुदद्वारापर्यंतची कड गोलावते आणि शरीराची सर्वाधिक उंची पोटाच्या बाजूने वाढते. त्रिगुणित मादीत हे काहीच घडत नाही. विणीच्या हंगामात दोन्ही माद्या शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. तोच फरक हंगाम सरल्यावर ओसरतो आणि बोटुकलीच्या अवस्थेत तर नसतोच. बीज विकले जाते ते मात्र बोटुकलीच्याच अवस्थेत, हे विसरून चालणार नाही.

नरांचे चित्र वेगळे आहे. त्रिगुणित नराची वृषणे बऱ्यापैकी वाढू शकतात, कधी पातळ वीर्यही सुटते, पण शुक्रपेशींतील गुणसूत्रांची संख्या अनियमित असल्याने त्यापासून जगणारी पिल्ले मिळत नाहीत. म्हणजे बाहेरून पाहता त्रिगुणित नर द्विगुणित नराच्या खूपच जवळ असतो. नर आणि माद्या वेगळ्या न करता काढलेली कोणतीही सरासरी म्हणूनच संशयास्पद ठरते. त्यातच गाबोळीवर खर्च न झालेले अन्न काही वेळा पोटातील चरबीत साठते, त्यामुळे त्रिगुणित मासा नेहमी सडपातळच असेल असेही गृहीत धरता येत नाही.

मत्स्यपालनात माशाचा भरीवपणा एका साध्या आकड्याने सांगतात: ग्रॅममधील वजनाला सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागून शंभरने गुणायचे. आकडा काढायला सोपा आहे, पण त्यात मांस, चरबी, गाबोळी आणि पोटातले अन्न असे सारेच मिसळलेले असते. द्विगुणित मादीचा आकडा हंगामात वर जातो तो मांसामुळे नव्हे. पोट साफ केल्यानंतरच्या वजनावर हाच हिशेब केला तर तुलना कितीतरी प्रामाणिक होते. ग्राहकाच्या ताटात येणारा भागही तोच.

शरीराकृतीची खरी मोजणी याहून काटेकोर असते. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची प्रमाण लांबी, सर्वाधिक उंची, डोक्याची लांबी, तोंडापासून पृष्ठपराच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर, शेपटीच्या देठाची उंची ही जुनी मापे आजही घेतली जातात. त्यांची अडचण अशी की ती बहुतेक आडवी आणि एकमेकांवर चढलेली असतात. शरीराचा तिरका ताण त्यांच्यात सापडत नाही. म्हणून 1980च्या दशकात माशाच्या कडेवरचे ठरावीक बिंदू निवडून त्यांच्यामधली अंतरे जाळ्यासारखी मोजण्याची पद्धत आली. आता छायाचित्रावर हे बिंदू टिपून संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक माशाचे आकारमान, जागा आणि कल बाजूला काढतात. उरतो तो निव्वळ आकार. दोन गटांच्या सरासरी आकृत्या एकमेकींवर ठेवल्या की पाठ कुठे चढली, पोट कुठे उतरले, डोके कुठे आखूड झाले हे दिसते.

या पद्धतीलाही फसवणाऱ्या गोष्टी आहेत. बर्फात वाकलेला मासा फोटोत पोक आलेला दिसतो. कॅमेरा जवळ धरला तर मधला भाग फुगतो. आणि सर्वांत मोठी चूक वयाच्या बाबतीत होते: कार्पचा आकार वाढीबरोबर बदलतो, लहान माशाचे डोके व डोळे शरीराच्या मानाने मोठे असतात. त्रिगुणित गट वाढीत मागे पडला असेल आणि दोन्ही गट एकाच तारखेला मोजले, तर ‘त्रिगुणितांचे डोके मोठे’ असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात ते मासे फक्त लहान असतील. तुलना सारख्या लांबीच्या माशांची करावी, नाहीतर लांबीचा परिणाम गणिताने वेगळा काढावा.

त्यानंतरचा प्रश्न धक्क्याचा. उष्णता किंवा दाब सोसलेल्या भ्रूणांत मणक्याचे वाकणे, जबड्याचा तिरकेपणा, कल्ल्यांवरचे झाकण आखूड राहणे असे दोष येऊ शकतात. ते तिसऱ्या संचामुळे आले की धक्क्यामुळे, हे धक्का न दिलेल्या भावंडांशी तुलना करून कळत नाही. त्यासाठी तिसरा गट लागतो: ज्यांना धक्का दिला, पण जे द्विगुणितच राहिले. असे मासे प्रत्येक तुकडीत आपोआप मिळतात. त्यांना ‘फसलेले’ समजून फेकून देणे म्हणजे प्रयोगातला सर्वांत मोलाचा पुरावा फेकणे होय. गट एकाच तळ्यात वाढवले की वेगवेगळ्या, हेही नोंदवायला हवे, कारण खाद्याच्या चुरशीत एक गट मागे पडला तर त्याचा परिणाम थेट अंगलटीवर होतो.

जातीचा आणि वाणाचा प्रभाव तर गुणसूत्रांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठा असतो. रानटी सायप्रिनस लांबट असतो, पण जर्मनीतील आयशग्रुंड भागात पिढ्यान्‌पिढ्या निवडीने घडवलेला कार्प इतका उंच पाठीचा झाला की त्याची उंची लांबीच्या निम्म्याजवळ पोचते. हे दोन्ही मासे द्विगुणितच आहेत. चीनच्या हुनान प्रांतातील उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे तांबडा क्रूशियन कार्प आणि सायप्रिनस यांच्या संकरातून 200 गुणसूत्रांचे, चार संचांचे आणि प्रजननक्षम मासे मिळाले. त्यांचे नर द्विगुणित माद्यांशी जुळवून 150 गुणसूत्रांचे वंध्य मासे तयार केले गेले. त्यांची अंगलट वेगळी दिसली तरी तिचे श्रेय तिसऱ्या संचाला देता येत नाही, कारण त्या संचांपैकी काही भाग दुसऱ्याच जातीचा आहे. गवत्याची मादी आणि बिगहेडचा नर यांच्या संकराचेही तेच. 1970च्या दशकात हंगेरीत अभ्यासलेले हे संकर त्रिगुणित निघाले, पण त्यांत दोन संच गवत्याचे आणि एक बिगहेडचा होता. संकरित त्रिगुणित आणि एकाच जातीतला त्रिगुणित यांची आकडेवारी एका तक्त्यात घालणे ही शास्त्रीय चूक आहे.

निसर्गातही त्रिगुणित कार्प आहेत. जपानमधील गिनबुना आणि युरेशियातील गिबेल कार्प यांच्या कळपांत 100 गुणसूत्रांचे नर-मादी आणि 150च्या आसपास गुणसूत्रांच्या माद्या एकाच पाण्यात राहतात. या त्रिगुणित माद्या वंध्य नसतात. दुसऱ्या नराचे वीर्य त्यांच्या अंड्याला केवळ वाढीची चालना देते. पिल्लू आईची प्रतिकृती होते. येथे त्रिगुणित मादीलाही गाबोळी भरते, म्हणून गवत्यात पोटाच्या कडेवर दिसणारा फरक या माशांत अपेक्षित धरता येत नाही. अशा मिश्र कळपातला मासा कोणत्या गटातला, हे ठरवायला संशोधक रक्त तपासतात.

अंगलटीवर विसंबण्याचा धोका अमेरिकेने ओळखला. 1963 मध्ये तेथे पाणवनस्पती खाण्यासाठी गवत्या आणला गेला. तो नद्यांत निसटला, तेव्हा वंध्य माशाची गरज पटली आणि 1980च्या दशकात त्रिगुणित गवत्याचे उत्पादन सुरू झाले. तेथील मत्स्य व वन्यजीव सेवेच्या तपासणीत उत्पादकाने आधी प्रत्येक माशाचे रक्त तपासायचे असते. मग निरीक्षकासमोर तुकडीतील 120 मासे पुन्हा तपासले जातात, आणि त्यांत एक जरी द्विगुणित निघाला तरी ती तुकडी प्रमाणपत्राला मुकते. इतकी काळजी का, याचे उत्तर ओहायोतील सँडस्की नदीत आहे. तेथे गवत्याचे नैसर्गिक प्रजनन झाल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळले. ईरी सरोवराच्या पाणथळ वनस्पतींना त्यामुळे धोका निर्माण झाला.

रक्ताची तपासणी अवघडही नाही. शेपटीच्या देठातून एक थेंब घेऊन काचपट्टीवर पसरायचा, गिम्सा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींची केंद्रके मोजायची. माशांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते म्हणून हे शक्य होते. त्रिगुणितांत केंद्रक लांबट आणि ठळकपणे मोठे दिसते. मोठ्या संख्येसाठी पेशींचे आकारमान किंवा डीएनएचे प्रमाण मोजणारी यंत्रे आहेत. शंका उरलीच तर गुणसूत्रे थेट मोजता येतात.

भारतात हा विषय नवा नाही. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे भारतीय मोठ्या कार्पमध्ये गुणसूत्रांचे संच वाढवण्याचे प्रयोग 1980च्या दशकापासून झाले. बँकॉक वाणाचा सायप्रिनस 1957 मध्ये देशात आला आणि उष्ण पाण्यात काही महिन्यांतच पक्व होऊ लागला. वाढायचे वय गाबोळीत जाते, ही तक्रार कर्नाटकात इतकी गंभीर ठरली की उपाय म्हणून तेथे त्रिगुणित सायप्रिनस वाढवून पाहण्यात आला; त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. जननग्रंथी लहान राहतात हे त्यातून पटले. महाराष्ट्रातील गावतळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला गवत्या आणि सायप्रिनस सोडले जातात, त्यामुळे ही माहिती येथील मत्स्यपालकांच्या थेट उपयोगाची आहे.

1961 पासून मत्स्यशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या या संस्थेकडे जनुकशास्त्राचे अध्यापक, विद्यार्थी आणि सूक्ष्मदर्शक आहेत. रोहू, कटला आणि गवत्या यांच्या एकाच आईबापाच्या पिल्लांचे तीन गट करावेत: धक्का न दिलेले द्विगुणित, धक्का देऊनही द्विगुणित राहिलेले आणि त्रिगुणित. त्यांची अंगलट बोटुकलीपासून पक्वतेपर्यंत, नर-मादी वेगळे ठेवून, मोजण्याचे काम संस्थेने हाती घ्यावे. छायाचित्रे आणि मूळ मापे सर्वांसाठी खुली ठेवावीत. रक्ताच्या काचपट्टीची पद्धत सचित्र मराठी पुस्तिकेत छापून ती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालये आणि मच्छीमार सहकारी संस्थांपर्यंत पोचवावी. आणि रक्ततपासणीचा दाखला नसेल तर कोणतेही कार्प बीज ‘त्रिगुणित’ किंवा ‘वंध्य’ या नावाने विकले जाऊ नये, अशी स्पष्ट शिफारस संस्थेने शासनाकडे करावी, ही आग्रहाची विनंती.