नवख्याचे पहिले जहाज

पंचवीसेक वर्षांपूर्वी बँकेने माझी बदली कळमना बाजाराजवळच्या शाखेत केली, तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. कर्जवाटपाचा अनुभव गाठीशी होता, एक कादंबरी छापून झाली होती, आणि आपल्याला माणसे कळतात अशी समजूतही होती. पहिल्याच सकाळी ती गळून पडली. धान्याचा लिलाव चालू होता. अडत्या पुढे, खरेदीदारांचा घोळका मागे, हमाल पोती सरकवताहेत, मापाऱ्याचा आवाज वेगळाच. आणि सौदा केव्हा सुरू झाला, केव्हा संपला, कोणी घेतला, यातले काही म्हणजे काही कळेना. एका वृद्ध अडत्याने माझा चेहरा पाहिला असावा. तो म्हणाला, "साहेब, तीन दिवस कोनालेच काही इचारू नका. फक्त उभे राहा." मी उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच बोलावून चहा पाजला आणि हिशेबपट्टी कशी वाचायची ते दाखवले.

ही आठवण आज उगाळण्याचे कारण निराळेच आहे. माझ्या पुतण्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला तीन विषयांत नापास झाला. पुतण्या कळमन्यात कांदे-बटाट्याचा व्यापार करतो. पहाटे चारला उठणारा माणूस. त्याला एका पहाटे पोरगा संगणकासमोर जागाच दिसला. "काका, आता तुम्हीच पाहा बाप्पा याचं. रातभर गेम खेळून राहिला. सरकारनं गेम बंद केले म्हणते, मग याचा कसा चालू आहे?" संगणक उचलून भंगारात द्यायचा, इथपर्यंत गोष्ट आली होती. मी एक महिन्याची मुदत मागितली. निवाडा द्यायचा तर दप्तर तपासले पाहिजे, ही बँकेतली सवय.

पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा घोटाळा पुष्कळ घरांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्याने वेगळे ठेवले. आपल्या घराघरांत मात्र 'गेम' हा एकच शब्द आहे, आणि त्यात पत्त्यांचा जुगार, लहान मुलांची गाडी पळवणे आणि आमच्या चिरंजीवांचे अंतराळ, सारे एकाच पोत्यात भरले जाते.

खेळाचे नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलँडमधल्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी नावाच्या कंपनीने तो मे २००३ मध्ये सुरू केला. ज्या देशाची सारी लोकसंख्या नागपूरच्या एका कोपऱ्यात मावेल, त्या देशातल्या मंडळींनी सात हजारांहून अधिक सूर्यमालांचे विश्व रचले. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू या एकाच विश्वात असतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत हा एक. खेळाला शेवट नाही, कोणी जिंकत नाही. तुम्ही एक वैमानिक. खाणकाम करा, माल वाहा, व्यापार करा, लढा किंवा लुटा. २०१६ च्या नोव्हेंबरपासून फुकटही खेळता येतो, फक्त फुकट्याला काही कौशल्ये आणि मोठी जहाजे मिळत नाहीत. मी अर्थातच फुकट शिरलो.

पहिले आठ दिवस पुन्हा लिलावाच्या ओट्यावर उभे राहिल्यासारखे गेले. पडद्यावर अंतराळ कमी आणि रकाने जास्त. वस्तूचे नाव, अंतर, वेग, प्रकार. मला तर डे-बुक उघडल्याचा भास झाला. या खेळाला त्याचे खेळाडूच हिशेबाचे तक्ते म्हणून चिडवतात आणि कंपनीने ते इतके मनावर घेतले की मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलशी खेळ जोडण्याची सोयच २०२२ मध्ये जाहीर केली. गंमत अशी की इथे कौशल्य सरावाने येत नाही, घड्याळाने येते. एखादी विद्या शिकायला लावली की ती तासांनी, दिवसांनी, मोठी असेल तर आठवड्यांनी पुरी होते. तुम्ही झोपलेले असा की बाजारात गेलेले असा. बँकेतली ज्येष्ठता अशीच वाढत असे. पुढे २०१६ मध्ये कंपनीने पैसे मोजून कौशल्य विकत घेण्याची वाट उघडली. ते मला आवडलेले नाही. घड्याळापुढे श्रीमंत-गरीब सारखे होते, ती एक चांगली गोष्ट त्यांनी आपल्या हाताने घालवली.

मी खाणकाम पत्करले. लघुग्रहापाशी जहाज उभे करायचे, वेल्डस्पार नावाचे अगदी साधे खनिज खणायचे, स्थानकावर नेऊन विकायचे. खेळातल्या चलनाचे नाव इस्क, आणि आइसलँडच्या खऱ्या क्रोना या चलनाची आंतरराष्ट्रीय खूणही तीच. तीन आठवड्यांत गाठीला बऱ्यापैकी इस्क जमले. त्यातून मालवाहू जहाज घेतले आणि उरलेल्या रकमेचा सारा माल त्यात भरून मी जिताकडे निघालो.

जिता ही एक सूर्यमाला आहे. तिथेच बाजार भरावा असे कंपनीने ठरवले नव्हते. इतवारी जशी लोकांच्या येण्याजाण्याने वाढली तशी तीही वाढली. खरेदीची मागणी नोंदवा, विक्रीची नोंदवा, दलाली द्या, कर द्या. दलाली आणि कर कमी करणारी विद्याही शिकता येते, हे ऐकून माझ्या पुतण्याचे डोळे लकाकले, पण ते नंतरचे. जिताच्या गप्पांच्या खिडकीत अखंड आरोळ्या चालू असतात, 'मला पैसे पाठवा, दुप्पट करून देतो' छापाच्या. ठकवणे इथे नियमात बसते. एके काळी एक फार नामी युक्ती चाले. ठक एखाद्या दुर्मीळ वस्तूची चढ्या भावाने खरेदी नोंदवी, आणि तीच वस्तू थोड्या कमी भावाने स्वतःच विकायला ठेवी. नवख्याला वाटे, इकडून घेऊ, तिकडे देऊ, मधला नफा आपला. तो वस्तू घेई, विकायला जाई, तर खरेदीदाराच्या खात्यात पैसेच नसत. म्हणजे न वटणारा चेक! पूर्ण रक्कम बाजूला न ठेवता मागणी नोंदवू देणारी ती पळवाट कंपनीने पुढे बंद केली. एवढी साधी गोष्ट बंद करायला इतकी वर्षे का लागावीत, असे माझ्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याला वाटले.

माझे जहाज जितापर्यंत पोचलेच नाही. मार्ग पोलिसांच्या पहाऱ्यातला होता, म्हणून मी ऑटोपायलट लावला आणि चहा करायला उठलो. ऑटोपायलट जहाजाला पुढच्या दारापाशी थेट नेत नाही. काही किलोमीटर अलीकडे सोडतो आणि तिथून ते बैलगाडीच्या गतीने सरकते. परत आलो तेव्हा जहाजाचे तुकडे तरंगत होते आणि मी सुटकेच्या लहानशा कुपीत बसलेलो. दोन स्वस्त जहाजांनी हल्ला केला होता. पोलिस आले, त्यांनी ती दोन्ही जहाजे उडवली आणि तेवढ्यात तिसऱ्या साथीदाराने माझा वाचलेला माल उचलून नेला. कॉन्कॉर्ड हे त्या पोलिसांचे नाव. ते वाचवायला येत नाहीत, शिक्षा करायला येतात, हे मला तेव्हा समजले. खेळात विम्याची सोय होती. मी तो उतरवला नव्हता.

छत्तीस वर्षे मी कर्जाच्या अर्जांवर शेरे मारले. सारी पुंजी एकाच व्यवहारात, तारण अपुरे, विमा नाही, मालक स्वतः लक्ष देत नाही. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी पाच मिनिटांत परत पाठवला असता. चिरंजीव मागे उभे राहून हसत होते. मग म्हणाले, "आबाजी, जेवढं बुडालं तरी झोप लागते, तेवढंच भरायचं न जहाजात." या मुलाला सगळे घर बेजबाबदार म्हणत होते.

त्या रात्री आम्ही प्रथमच मोकळेपणी बोललो. बँकेचा माणूस म्हणून त्याने मला २००९ सालची एक हकीकत सांगितली. या खेळात खेळाडूंनीच चालवलेली ई-बँक नावाची बँक होती. ठेवी घेई, कर्जे देई. तिच्या प्रमुखाने, ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने, ठेवींतले २०० अब्ज इस्क काढले आणि ते बाहेर खऱ्या पैशात विकून सहा हजारांवर ऑस्ट्रेलियन डॉलर केले. घराच्या डिपॉझिटसाठी आणि औषधपाण्यासाठी, असे त्याने सांगितले. बातमी फुटताच ठेवीदारांची रीघ लागली. कंपनीने त्याला हाकलले, परंतु चोरीबद्दल नव्हे! चोरी खेळात बसते. खेळातले चलन बाहेर विकणे बसत नाही, त्याबद्दल. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याच आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या होत्या, त्याला तेव्हा वर्षही झालेले नव्हते. हे ऐकून मला हसू आले नाही. विश्वासाने ठेवलेल्या पैशावर रांग लागते तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूला काय वाटते, ते मी एकदा पाहिले आहे.

आणखी एक हकीकत. जानेवारी २०१४ मध्ये या खेळात एकवीस तासांची एक लढाई झाली. साडेसात हजारांवर खेळाडू, आणि टायटन म्हणतात त्या सर्वांत अवाढव्य जहाजांपैकी ७५ नष्ट. खऱ्या पैशात ते नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात जाते, असा अंदाज कंपनीने दिला. लढाईचे कारण काय, तर एका सूर्यमालेच्या ताब्याचे बिल वेळेवर भरले गेले नाही. बिल थकल्याने एवढी रणधुमाळी मी तरी पाहिलेली नाही.

असो. मुद्दा नवख्याचा आहे. इतक्या निर्दय विश्वात नवा माणूस टिकतो कसा? मला वाटले होते, टिकतच नसेल. पुष्कळ जण पहिल्याच आठवड्यात सोडून जातात हे खरे, मीही चौथ्या दिवशी सोडणार होतो. तथापि जुन्यांना नव्यांची गरज आहे हे तिथे सर्वांना माहीत आहे. नवखे आले नाहीत तर खनिज कोण खणणार आणि पुढे लढणार कोण? जिथे नवे खेळाडू जन्मतात त्या सूर्यमालांत त्यांना छळायला कंपनीची मनाई आहे. खेळाडूंनी स्वतः २००४ मध्ये ईव्ह युनिव्हर्सिटी काढली. तिथे अनुभवी मंडळी नव्यांचे वर्ग घेतात, प्रश्न कितीही बाळबोध असला तरी उत्तर देतात. आमच्या चिरंजीवांच्या गटात तर पहिली काही जहाजे फुटली की गटाच्या तिजोरीतून भरपाई मिळते, मग कोणी तरी बसून कुठे चुकले ते सांगते.

मी त्याला विचारले, "आणि कॉलेजात?" तो गप्प झाला. पुष्कळ वेळाने म्हणाला, "पहिले दोन महिने वर्गात का चालून राहिलं तेच समजलं नाही. इंग्रजीतून पटापट सांगतात. पुसायचं कोनाला? बाकीचे सगळे क्लासचे, एकमेकांना ओळखणारे." इकडे पोलंडमधला कोणी अनोळखी गडी त्याला तासभर शिकवत होता. तिकडे चार बाकांवर बसणाऱ्याला त्याचे नाव माहीत नव्हते. मुलगा कुठे ओढला जाईल?

म्हणून मी त्याला निर्दोष ठरवले नाही. तीन विषय गेले ते गेले. पण दप्तर तपासताना एक नोंद सापडली, जी बापाला दिसली नव्हती आणि पोरानेही कधी मांडली नव्हती. खेळाचे घड्याळ ग्रिनिचचे. त्याचा गट युरोपातला. त्यांची मोहीम रात्री आठला निघते, म्हणजे आपल्याकडे उत्तररात्रीचा दीड. ती संपेपर्यंत बाप बाजाराला निघायची वेळ होते आणि पोरगा सकाळच्या तासाला झोपा काढतो. घरात भांडण खेळाचे चालले होते, चूक घड्याळाची होती. निदान अर्धी तरी.

मी निवाडा दिला तो असा. संगणक राहील. युरोपातला गट सोडायचा आणि ऑस्ट्रेलियाकडच्या वेळेचा पाहायचा. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, तेव्हा मोहीम फक्त शनिवार-रविवारी. रोज आपल्या साडेचारला खेळ देखभालीसाठी बंद पडतो, त्या वेळी वही उघडायची. खेळात एक पैसाही घालायचा नाही. आणि कॉलेजात त्याच्यासारखे न कळणारे आणखी कोण आहेत ते शोधायचे. एकटा नक्कीच नसणार. हे शेवटचे कलम त्याला सर्वांत अवघड वाटले. त्याने आजवर दोघांना गाठले आहे. एक भिवापूरचा आहे, दुसरा काटोलकडचा.

पुतण्या नाराज होता. त्याला शिक्षा हवी होती. निवाड्याच्या दिवशी तो संगणकाकडे पाठ करूनच बसला होता. पोराने जिताचा बाजार उघडला आणि एका खनिजाच्या वर्षभराच्या भावाचा आलेख लावला. चढ, उतार, खाली रोजची आवक-जावक. पुतण्याने मान वळवली. चष्मा काढून पुसला. खुर्ची ओढली.

"हे काऊन पडलं इथं?" त्याने बोट ठेवले.

पोरगा सांगू लागला.

"अन् अडत किती घेतात?"