एका दिशेचा उजेड पुरेसा नाही

इतिहास शिकविताना आम्हांस एक उणीव सतत जाणवत आली आहे. जुन्नर, कार्ले, भाजे ही लेण्यांची नावे विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात. परंतु ती तेथेच का कोरली गेली, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात याचे उत्तर नाही. ते नाणेघाट आणि बोरघाटाच्या चढणीत आहे. आणि ती चढण डोळ्यांना दिसावी, यासाठी छायांकित उठावाचा नकाशा हवा.

असा नकाशा विद्यार्थी स्वतः करू शकतात. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. सुमारे ३० मीटर अंतरावरील बिंदूंची ती आकडेवारी आज विनामूल्य मिळते. क्यूजीआयएस ही संगणकप्रणालीही तशीच मिळते. संगणक प्रत्येक चौकटीभोवतालच्या आठ चौकटींच्या उंचीवरून तेथील उतार व त्याची दिशा काढतो आणि कल्पित सूर्याचा उजेड तेथे किती पडेल, त्यानुसार तिला गडद वा फिकट छटा देतो.

खरा धडा पुढे आहे. हा उजेड वायव्येकडून, ४५ अंशांवरून यावा असा संकेत आहे. महाराष्ट्राच्या आकाशात सूर्य त्या जागी कधीच नसतो. तरीही संकेत पाळला जातो. कारण उजेड नकाशाच्या खालच्या बाजूने आला, तर अनेकांना दऱ्याच डोंगर भासतात. मात्र बालाघाट व महादेव या रांगा स्थूलमानाने वायव्येकडून आग्नेयेकडे जातात. उजेडही त्याच दिशेने आल्यास त्या फिक्या पडतात. तो ईशान्येकडून टाकला की ठळक उठून दिसतात. डोंगर तेच, आकडेही तेच. बदलते ती केवळ आपण निवडलेली दिशा.

परीक्षेत हे विचारले जात नाही, असे काही पालक म्हणतील. आमचे नम्र मत असे की, नकाशा पाठ करणारी मुले आपण पुष्कळ घडविली. तो करणारी आणि तपासणारी मुले आता घडवावीत. नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याचा नकाशा दोन दिशांच्या उजेडात करावा आणि दोहोंतील फरक लिहून काढावा. संगणक वा भूमापन क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी यासाठी वर्षातून दोन दिवस वसतिगृहात येऊन राहावे, एवढीच आमची विनंती आहे.