गर्भाशयमुखाचा कर्करोग : तपासणी एकदाच होणार असेल, तर कोणती?

गर्भाशयमुखाचा कर्करोग अचानक होत नाही. विषाणूचा संसर्ग, त्यातून पेशींत होणारे बदल आणि प्रत्यक्ष कर्करोग यांमध्ये बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. एवढी उसंत मिळूनही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार महिला दगावल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के महिलांची ही तपासणी कधीतरी झाल्याचे दिसले. म्हणूनच, आयुष्यात कदाचित एकदाच तपासणीला येणाऱ्या महिलेला कोणती चाचणी वाचवू शकेल, हा कळीचा प्रश्न आहे.

उपलब्ध पद्धती तीन. पॅप स्मिअरमध्ये पेशींचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यासाठी प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ लागतात. ‘व्हीआयए’ पद्धतीत गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून पांढरे डाग दिसतात का, हे डोळ्यांनी पाहतात. ती स्वस्त आहे, निष्कर्ष तत्काळ मिळतो. मात्र तो पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो आणि रजोनिवृत्तीनंतर ती कमी उपयोगी ठरते. तिसरी एचपीव्ही चाचणी थेट विषाणूचा शोध घेते. ती तुलनेने महाग आहे आणि तिला यंत्र लागते.

या तिन्हींची तुलना आजच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण महिला होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केवळ एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. एकदाच केलेल्या पॅप किंवा व्हीआयए तपासणीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. शिवाय या दोन चाचण्यांत ‘निर्दोष’ ठरलेल्या महिलांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून अधिक होते.

म्हणून व्हीआयए निरुपयोगी ठरते, असे नव्हे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने केलेल्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या ही तपासणी करत. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. परंतु त्यासाठी दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्या कराव्या लागल्या. स्वस्त चाचणीची किंमत अशी वारंवारितेत मोजावी लागते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सुचवण्यात आली होती. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले आणि महिलेने स्वतः घेतलेला नमुनाही ग्राह्य मानला. संकोचापोटी किंवा मजुरी बुडेल म्हणून दवाखाना टाळणाऱ्या महिलांसाठी ही सवलत मोलाची आहे.

अर्थात, चाचणी म्हणजे उपचार नव्हे. बहुतेक संसर्ग आपोआप बरे होतात. त्यामुळे विषाणू आढळलेल्या प्रत्येकीला कर्करोग झाला आहे, असा अर्थ होत नाही. तिला हे समजावून सांगणे, पुन्हा बोलावणे आणि सदोष पेशी नष्ट करणे या तीन कड्या जोडलेल्या असाव्या लागतात. दुसऱ्या टप्प्यातील निवडीसाठी व्हीआयए येथे उपयोगी पडते. उष्णतेने उपचार करणारी, बॅटरीवर चालणारी छोटी उपकरणेही आता उपलब्ध आहेत.

गोव्यात अंतरे कमी असली, तरी सत्तरी, सांगे किंवा काणकोण येथील महिलेला बांबोळीची फेरी म्हणजे एक दिवस खर्ची घालणेच असते. नमुना गावात, चाचणी जिल्ह्यात आणि उपचार तालुक्याला, अशी रचना लहान राज्याला अवघड नसावी. यशाचे मोजमाप मात्र शिबिरांच्या संख्येने न होता, दोष आढळलेल्यांपैकी किती जणींवर उपचार पूर्ण झाले, यावर व्हायला हवे.