कडी लावण्याचा अधिकार

'विचारस्वातंत्र्य' हा शब्द कानीं पडला कीं आमच्या सुशिक्षित वर्गाची विवेकबुद्धि कांहीं काळ रजेवर जाते, असा आमचा अनुभव आहे. परवां आमच्या एका विद्वान् स्नेह्यांशीं मॅस्टोडॉनविषयीं बोलणें निघालें, तेव्हां ते म्हणाले, "ज्या जाळ्याला मालकच नाहीं, तेथें कोणाला बाहेर ठेवण्याचा अधिकार कोणास असणार? आणि तसें कोणी करूं लागला, तर मग ट्विटरनें काय पाप केलें होतें?" प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो. तो तसा नाहीं, एवढेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

मॅस्टोडॉन हें ऑयगेन रोच्को या जर्मनींतील तरुणानें २०१६ सालीं लोकांपुढें ठेवलेलें सॉफ्टवेअर. तें घेऊन कोणीही आपला सर्व्हर उभारावा, आपल्यापुरते नियम करावे, आणि एका देशाचें टपाल दुसऱ्या देशांत जावें त्याप्रमाणें एका सर्व्हरवरील मजकूर दुसऱ्यावर जावा, अशी ही योजना. असे हजारों सर्व्हर आहेत. सर्वांवर हुकमत चालविणारी कचेरी मात्र कोठेंच नाहीं. परवानाही इतका उदार, कीं हें सॉफ्टवेअर अमक्या हेतूनें वापरूं नये अशी मनाई खुद्द कर्त्यासही करतां येत नाहीं.

या औदार्याचा लाभ २०१९ च्या जुलैंत 'गॅब' या अमेरिकन संस्थेनें घेतला. गॅब कोण, हें विसरून या वादांत कोणीं पडूं नये. २७ ऑक्टोबर २०१८ रोजीं पिट्सबर्ग येथील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांत शिरून एका माणसानें ११ जणांस गोळ्या घालून ठार केलें. त्यांत ९७ वर्षांची एक वृद्धा होती. मंदिरांत शिरण्यापूर्वीं थोडाच वेळ आधीं त्यानें आपला बेत जेथें लिहून जाहीर केला, तें ठिकाण गॅब. ज्यूंविषयींचें गरळ तो कित्येक महिने तेथेंच ओकीत होता, आणि तेथें त्याला श्रोतेही होते. या हत्याकांडानंतर मोठमोठ्या कंपन्यांनीं गॅबशीं व्यवहार तोडले. आणि पुढच्याच वर्षीं ही मंडळी मॅस्टोडॉनचें सॉफ्टवेअर अंगावर चढवून शेजाऱ्यांच्या दारांत येऊन उभी राहिली.

तेव्हां काय झालें? कोणाचाही हुकूम सुटला नाहीं. सोडणारा कोणी नव्हताच. एकामागून एक सर्व्हरचालकांनीं आपापल्या दाराला आंतून कडी घातली. या जाळ्यासाठीं मोबाइलवरील अॅप तयार करणाऱ्यांपैकीं कांहींनीं आपल्या अॅपांतून गॅबचा रस्ता बंद केला. गॅबचें तोंड कोणीं बांधलें नाहीं. तें आपल्या घरीं बोलतच राहिलें, आणि २०२० मध्यें त्यानें स्वतःच या जाळ्याशीं असलेला संबंध सोडला. आमचे स्नेही ज्याला स्वातंत्र्याचा संकोच म्हणतात, तो हाच असेल, तर आमच्या ओटीवर येऊन शिवीगाळ करणाऱ्यास आंत घेऊन चहा न देणें हाही संकोचच म्हणावा लागेल.

आतां ट्विटरचें पाप. २०१९ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयांतील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचें खातें ट्विटरनें बंद केलें. कारण काय, तर १९३६ मधील हॅम्बुर्गच्या गोदींतलें एक छायाचित्र. सारा समुदाय हात उंचावून नाझी सलामी देत आहे आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींस नकार देणाऱ्याचें हें चित्र द्वेषाचें चित्र ठरलें! यामुळें संतापून त्या नोव्हेंबरांत पुष्कळ भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. चूक माणसाच्या हातून होते तशी कंपनीच्याही हातून होते. परंतु कंपनीचें दार बंद झालें कीं सारें गांवच बंद होतें. येथें एका घराचें दार लागलें तर दुसरें मोकळें असतें. अधिकार एकाच्या हातीं असणें आणि तो हजारांत विभागलेला असणें यांतला हा भेद आहे, आणि आमच्या मतें तो लहान नाहीं.

एक आक्षेप मात्र आम्हांस खरोखरच टोंचतो. हा प्रकार म्हणजे वाळींत टाकणेंच नव्हे काय? जातपंचायतींनीं कुटुंबेंच्या कुटुंबें वाळींत टाकावीं, पाणी आणि सोयरीक तोडावी, याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ सालीं कायदा करावा लागला. जातपंचायत माणसाचें जगणें तोडते, आणि तेंही पुष्कळदा जातीबाहेर लग्न केल्याबद्दल. सर्व्हरचालक आपल्या घरापुरता संबंध तोडतो, आणि तोही वर्तनाबद्दल. भेद उघड आहे. पण त्यानें आमचें पूर्ण समाधान होत नाहीं. कारण अलीकडे बंदीच्या याद्या हातोहात फिरतात, आणि कोणी चालक ती यादी न वाचतां जशीच्या तशी लावतो. मग एका चालकाच्या बेपर्वाईबद्दल त्याच्या सर्व्हरवरील शेंकडों निरपराध माणसांचे स्नेहसंबंध एका रात्रींत तुटतात. त्यांना दुसरीकडे जातां येतें, अनुयायीही बरोबर नेतां येतात. परंतु लिहिलेलें सारें मागेंच राहतें. अशा वेळीं पंचायतीचा वास येतो, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं.

यावर उपाय कडी काढून टाकणें हा नव्हे. पुष्कळसे चालक पगाराविना, आपली नोकरी सांभाळून, रात्रीं बसून ती घाण स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतात. त्यांना वरून उदारमतवादाचे धडे देणें आम्हांस शोभत नाहीं. त्यांच्यापाशीं मागणें एवढेंच, कीं दार लावतांना कारण लिहावें, पुरावा ठेवावा, आणि तडकाफडकी करण्यासारखा धोका नसेल तेथें पलीकडच्या निरपराध माणसांस बिऱ्हाड हलविण्यास अवधि द्यावा. बाहेर ठेवलेली मंडळी आपसांत अधिकच कडवी होतील, ही भीति आम्हांस खोटी वाटत नाहीं; पण त्यांचें औषध म्हणून ज्यांच्यावर त्यांचा रोख आहे त्यांनाच त्यांच्या पंक्तीला बसवावें, हा न्याय आम्हांस कळत नाहीं.

आमच्या स्नेह्यांनीं मॅस्टोडॉनवर अद्याप खातें उघडलेलें नाहीं. उघडतील तेव्हां सर्व्हर निवडण्यापूर्वीं त्याच्या माहितीच्या पानावर बंदीची यादी दिली आहे काय, आणि प्रत्येक नांवापुढें कारण लिहिलें आहे काय, एवढें त्यांनीं पाहून घ्यावें.