दोन बिऱ्हाडांचा लॅपटॉप

गंगापूरहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून एस.टी.ने घरी यायचे आणि रात्री संगणकाचा अभ्यास करायचा, असा या गृहस्थांचा क्रम. लॅपटॉप एकच, त्यात विंडोजही आहे आणि लिनक्सही. २०२४ च्या ऑगस्टात एका रात्री यंत्र सुरू केले, तो काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली, ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’, आणि यंत्र आपण होऊन बंद पडले. तेव्हापासून ते कपाटात आहे. आता धाकट्या बहिणीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा. दुकानदार म्हणतो, सगळे पुसून नवे विंडोज घालून देतो. आत दोन वर्षांचे काम आहे, वडिलांच्या सातबाराच्या प्रती आहेत, आजीचे शेवटचे फोटो आहेत. ‘पुसू द्यावे काय?’ असे ते विचारतात.

मुळीच पुसू देऊ नये! यंत्र धडधाकट आहे आणि दोन्ही बिऱ्हाडे आत सुखरूप आहेत. भांडण झाले आहे ते देवडीवर.

२०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून घरोघरच्या संगणकांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी बसला. कुठलेही बिऱ्हाड जागे होण्यापूर्वी तो पहिल्या प्रोग्रामवरचा शिक्का तपासतो. शिक्का ओळखीचा नसेल तर बाहेर. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईत केवढा घोळ घातला, हे मराठी माणसाला सांगायला नको. संगणकातला तोतया तर एकदा देवडीतून आत शिरला की मागाहून अँटीव्हायरसलाही सहसा सापडत नाही. तेव्हा पहारा हवाच.

आता पंचाईत अशी की, शिक्के ओळखायची वही बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टची. म्हणून लिनक्सवाले ‘शिम’ नावाच्या एका लहानशा प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टचा शिक्का घेतात आणि त्याच्या ओळखीने आत येतात. आपल्याच घरात शिरायला शेजाऱ्याच्या सहीची चिठ्ठी लागावी, हे आम्हाला कधीच रुचले नाही. पण व्यवहार चालतो. असो.

लिनक्सच्या ‘ग्रब’ या भागात २०२२ साली एक भोक सापडले होते. ते बुजवण्यासाठी १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने पहारेकऱ्याला नवा हुकूम दिला: जुन्या पिढीच्या चिठ्ठ्या यापुढे चालणार नाहीत. दोन बिऱ्हाडे असतील तिथे हा हुकूम जायचाच नव्हता. पण कित्येक यंत्रांत दुसरे बिऱ्हाड ओळखूच आले नाही आणि लिनक्स उंबऱ्याबाहेर राहिले. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. कपाटातल्या यंत्राला ती कशी पोचावी?

उपाय सोपा आहे, पण त्याचा क्रम चुकवू नये. यंत्र सुरू होताना एफ १२ (काही कंपन्यांच्या यंत्रांत एफ ९) दाबून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. विंडोज उघडेल, कारण पहारेकऱ्याचे त्याच्याशी वाकडे नाही. तिथे सापडतील ते कागद आणि फोटो आधी पेनड्राइव्हवर उतरवा. लिनक्सच्या कप्प्यातले काम मागाहून मिळेल.

मग बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली शोधा. ‘आम्ही कुठे कुलूप लावले?’ असे पुष्कळजण म्हणतात. अहो, बऱ्याच लॅपटॉपमध्ये तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलात की ते आपोआप लागते. किल्ली त्याच खात्यात असते; ती कागदावर उतरून घ्या. सिक्युअर बूट बदलले की विंडोज ही किल्ली मागण्याचा संभव असतो, आणि ती नसेल तर दुकानदारच काय, खुद्द कंपनीही डिस्क उघडून देऊ शकत नाही. बिटलॉकर ‘सस्पेंड’ करण्याचे बटण असेल तर तेही दाबा. होम आवृत्तीत ते सहसा नसते. तिथे हाती किल्ली असली म्हणजे पुरे.

एवढे झाल्यावरच बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स सुरू करा आणि टर्मिनलमध्ये ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंका: ‘सुडो मोकुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’. यंत्र पुन्हा सुरू करून एकवार लिनक्समध्येच या, म्हणजे हुकूम रद्द होतो. लगेच लिनक्सचे सगळे अपडेट घ्या, म्हणजे नव्या पिढीची चिठ्ठी मिळेल. मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. इथे बरेचजण आळस करतात आणि देवडी कायमची उघडी राहते.

लिनक्सचे अपडेट घेताना वायफायच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरसाठी एखादा पासवर्ड ठरवायला सांगितला, तर तो लिहून ठेवा. पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि दहाएक सेकंदच थांबतो. घाबरून ‘कंटिन्यू’ दाबू नका. ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्या. नाहीतर लिनक्स उघडेल, पण वायफाय चालणार नाही, आणि बहिणाबाई पुन्हा त्याच दुकानात जातील.